नागपूर मेट्रोची गाडी: काही महिने रोज बसल्यानंतर

मी अग्रसेन चौकातून लोकमान्य नगरला जातो, तिथून पुढे हिंगणा एमआयडीसी. ११ डिसेंबर २०२२ ला प्रजापती नगरपर्यंतचा भाग सुरू झाला म्हणून आमच्यासारख्या पूर्वेकडच्यांना ही सोय मिळाली. माझं काम मोटर आणि पॅनेलच्या मेंटेनन्सचं. त्यामुळे स्टेशनच्या सजावटीपेक्षा गाडी चालते कशी, याकडेच माझं लक्ष जास्त जातं.

नागपूरची मेट्रो जमिनीखाली कुठेच जात नाही. तिला डोक्यावरच्या तारेतून २५ किलोव्होल्ट एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट, मिळतो. बंगळुरूत रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून ७५० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट, घेतात. व्होल्टेज जास्त असलं की तेवढ्याच कामाला करंट कमी लागतो, वाटेतला तोटा घटतो आणि सबस्टेशनही लांब-लांब ठेवता येतात. गाडीत ट्रान्सफॉर्मर हे व्होल्टेज उतरवतो, कन्व्हर्टर त्याचा डीसी करतो आणि इन्व्हर्टर पुन्हा थ्री-फेज एसी करून मोटरला देतो. आमच्या प्लँटमध्ये मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी असतो, त्याचंच हे मोठं रूप. गाडी सुटताना सूर चढत जाणारा आवाज येतो तो या इन्व्हर्टरच्या स्विचिंगचा, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करण्याचा. सोबतचा एक जण मला म्हणाला, "भाऊ, हे गाणं म्हणून राहिली का?" त्याला बर्डी, म्हणजे सीताबर्डी, येईपर्यंत समजावत होतो.

मला सगळ्यात आवडलं ते गाडीचं थांबणं. ब्रेक लागला की मोटरच जनरेटर होते आणि वीज परत तारेत जाते. त्याच वेळी दुसरी गाडी सुटत असेल तर ती वीज तिच्या कामी येते. आमच्या क्रेनच्या ड्राइव्हला ब्रेकिंग रेझिस्टर लावलाय, तिथे हीच ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. ते बघून जीव हळहळतो. वेग अगदी कमी झाला की मोटरचा रोध पुरत नाही, मग हवेचे ब्रेक ताबा घेतात. हा बदल प्रवाशाला कळू न देणं यातच खरी कारागिरी आहे. ऑफिसच्या वेळी दांडी न धरता उभे असलेले लोक बघा, स्टेशन आलं तरी सहसा कुणाचा तोल जात नाही.

गर्दी असो की डबा रिकामा, फरशी प्लॅटफॉर्मच्या पातळीतच राहते, कारण खाली एअर स्प्रिंग आहेत. वजन वाढलं की व्हॉल्व्ह त्यांत हवा भरतो. व्हीलचेअरवाल्यांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

अरुंद वळणावर चाकं किंचाळतात, तेवढं मात्र कानाला बोचतं. एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात आणि बाहेरच्या चाकाला अंतर जास्त पडतं. चाकाचा घेर आतून बाहेरच्या बाजूला कमी होत जातो, हा उतार सौम्य वळण सांभाळून घेतो. वळण अरुंद झालं की चाक घसरतं आणि आवाज येतो. वेग कमी ठेवणं आणि रुळाला वंगण देणं हे त्यावरचे उपाय.

मे महिन्यात ४५ अंशांच्या वर पारा गेला तेव्हाही डब्यातल्या थंड हवेच्या एसीने साथ दिली. पण दर स्टेशनला दारं उघडली की उन्हाची झळ आत येतेच. उन्हाळ्यात दाराजवळ उभं न राहता दोन दारांच्या मधे उभं राहा.

एक कळकळीची विनंती. सुटत्या गाडीच्या दारात बॅग घालू नका. सगळी दारं बंद झाल्याचा सिग्नल मिळाल्याशिवाय मोटरला पॉवर जातच नाही. एका बॅगेपायी अख्खी गाडी खोळंबते आणि मागचीलाही उशीर होतो.

दोन गाड्यांमधलं अंतर आणखी कमी व्हायला हवं. इतक्या झपाट्याने वेग घेणारी आणि थांबणारी गाडी पुरेशा संख्येने धावली तर लोक आपणहून दुचाकी घरी ठेवतील. लोकमान्य नगरहून आमच्या प्लँटपर्यंतचा शेवटचा टप्पा तर अजून त्रासाचाच आहे. शेअर ऑटोचा भरवसा नाही. गाडीत सायकल नेता येते, म्हणून आता मी ती सोबत घेतो. तुम्हीही नेणार असाल तर दोन डबे जोडलेल्या जागी उभी करू नका, तिथल्या पट्ट्या वळणावर सरकतात.