आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: माझ्या हॉर्नचे 6,900 रुपये

हॉर्न बंद पडल्यावर मेकॅनिक बोनेट न उघडताच स्टिअरिंगकडं बोट दाखवायला लागला, तर आधी खिशावर हात ठेवा. मी ठेवला नाही.

कोल्हापुरातली, आषाढातली गोष्ट. पंधरा दिवस झड लागलेली, राजाराम बंधारा कधीच पाण्याखाली गेलेला, आणि आमची गाडी दारात उघड्यावर. एका सकाळी दसरा चौकात दुचाकीवाला आडवा आला, मी हॉर्न दाबला, आवाजच नाही. घरी येऊन फ्यूज काढून बघितला. 15 अँपिअरचा निळा फ्यूज, आतली तार शाबूत. मग बायकोला गाडीत बसवून हॉर्न दाबायला लावला आणि मी बोनेट उघडून कान दिला. ती दाबायची तेव्हा रिलेच्या, म्हणजे बटण दाबल्यावर हॉर्नला करंट सोडणाऱ्या स्विचच्या, डब्यातून बारीक 'टक्' यायचं. त्या 'टक्'चा अर्थ मला तेव्हाच कळला असता, तर पुढचं महाभारत झालं नसतं.

नाव सांगत नाही, पण गॅरेज झकपक आहे. बसायला एसी, चहा कपबशीतनं. तिथल्या माणसानं स्टिअरिंग दोनदा डावी-उजवीकडं फिरवलं, हॉर्न दाबला आणि डॉक्टरसारखा सुस्कारा सोडला. "साहेब, क्लॉक स्प्रिंग गेली." स्टिअरिंगमागच्या चपट्या डबीत रिबनसारखी वायर गुंडाळलेली असते. चाक कितीही फिरलं तरी हॉर्नची आणि एअरबॅगची लाईन तुटू नये म्हणून ती असते. इथपर्यंत तो खरंच बोलत होता. पुढचं वाक्य मात्र नेमकं वर्मी घातलं: "ह्यातनंच एअरबॅगची वायर जातीय. उद्या काय झालं आणि बॅग उघडलीच नाही तर?" मागच्या सीटवर धाकटी पेंगत होती. मी हो म्हटलं.

संध्याकाळी हॉर्न खणखणीत वाजला. पार्ट 5,400, मजुरी 1,500. पक्कं बिल नाही, वहीच्या कागदावर आकडे. जुना पार्ट मात्र त्यानं पिशवीत घालून हातात दिला. जुना पार्ट परत देणारा माणूस लबाड कसा असेल, असा माझा हिशेब!

आठव्या दिवशी दाजीपूरच्या पुढं फोंडा घाटात, समोरचं वळण दिसेना असल्या धुक्यात, हॉर्न पुन्हा मुका. लाईट मारत, काचा खाली घेऊन, अंगावर पाऊस घेत घाट उतरलो.

परत आल्यावर मेहुण्यानं उद्यमनगरात एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्या मामांकडं पाठवलं. त्यांनी स्टिअरिंगकडं बघितलंसुद्धा नाही. पुढच्या जाळीमागं हात घालून हॉर्नचा सॉकेट काढला, टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या मायनसला आणि टोक सॉकेटमध्ये लावलं. "पाव्हणं, दाबा हॉर्न." दाबला. दिवा लख्ख. "करंट हितंपतूर येतोय. म्हंजे फ्यूज, रिले, स्टिअरिंग समदं बरं हाय." मग सॉकेट परत बसवून बॅटरीच्या मायनसपासून एक सुटी वायर हॉर्नच्या पट्टीला टेकवली आणि मला पुन्हा दाबायला सांगितलं. हॉर्न असा बोंबलला की शेजारच्या लेथवरचा पोरगा वळून बघायला लागला.

दुखणं अर्थिंगचं होतं, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडं परत जायच्या वाटेचं. माझ्या गाडीत हॉर्नची ही वाट त्याच्या पट्टीतून, बोल्टातून बॉडीला जाते, आणि तो बोल्ट गंजून तपकिरी झालेला. त्यावर पान्याचे ताजे ओरखडे होते. म्हणजे आधीच्यानं नुसता आवळला होता, आणि तेवढ्यावर आठ दिवस निभावलं. रिलेतून 'टक्' येत होतं म्हणजे स्टिअरिंगचं बटण आणि क्लॉक स्प्रिंग आपलं काम करतच होते, हे मामांनी त्या वेळी समजावलं.

पिशवीतली डबी दाखवली तर मामा हसले. तिला मोजून दोन-तीनच वायरी. माझ्या स्टिअरिंगवर गाण्यांची बटणं आहेत, त्यांच्या वायरी कुठं? ती डबी दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीची. शिवाय क्लॉक स्प्रिंग खरंच तुटली असती तर एअरबॅगचा दिवा बहुधा पेटून राहिला असता, ती बटणंही रुसली असती. माझ्याकडं दोन्ही ठीकठाक. आणि क्लॉक स्प्रिंग बदलायला एअरबॅग काढावी लागते, ती काढायची तर आधी बॅटरीची वायर सोडावी लागते. मागं बॅटरी बदलली तेव्हा डॅशबोर्डवरचं घड्याळ मला नव्यानं लावावं लागलं होतं. ह्या वेळी घड्याळ मिनिटाला मिनिट बरोबर होतं. रोज समोर दिसत होतं, डोक्यात शिरलं नाही.

मामांनी पॉलिश पेपरनं पट्टी घासली, नवा बोल्ट घातला, वर ग्रीस लावलं. 150 रुपये.

डबी घेऊन मी गॅरेजवर गेलो. आवाज चढवला नाही. फक्त म्हटलं, मामांना घेऊन येतो, तुमच्यासमोर स्टिअरिंग उघडू आणि नवा पार्ट बघू. तो जरा वेळ मोबाईलमध्ये बघत बसला, मग "पोरांची चूक झाली असंल" म्हणत 5,400 परत पाठवले. मजुरीचे 1,500 द्यायला तयार होईना. कसली मजुरी, म्हणून विचारलं.

"साहेब, आठ दिवस वाजला की हॉर्न!"