शेटलंडची लोकर आणि फेअर आईल स्वेटर: एक अख्खा हिवाळा वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकते. लोकर: पाचापैकी साडेचार. नक्षी: चार. दोन रंगांत विणलेला खालचा काठ: दोन, तेही दिसण्याचे. मुदत ठरवून असला स्वेटर विणायला घेणं हा शुद्ध छळ आहे, पण मुदत नसती तर तो अजून पिशवीतच पडून असता हेही तितकंच खरं.

आम्ही स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला राहतो. नवरा तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, तीन आठवडे समुद्रात आणि तीन आठवडे घरी. इथले आजोबा लोक रविवारी घालून फिरतात तसला नक्षीचा, पुढून बटणांचा स्वेटर त्याला फार दिवसांपासून हवा होता. हाताने विणलेला एक दुकानात सापडला, त्याची किमतीची चिठ्ठी बघून याने तो हळूच परत टांगून ठेवला. मी बोलून गेले, पाडव्याला देते विणून. पाडव्याला ओवाळणी नवऱ्याने घालायची असते, मला माहीत आहे. आमच्याकडे दोन्ही बाजूंनी चालतं.

विणकाम मला आईने शिकवलं, कोल्हापुरात. बाळंतविड्यातली टोपडी, मोजे, शेजारपाजारच्या पोरांचे अ‍ॅक्रिलिकचे स्वेटर. हात बसलेला होता, पण रंगीत नक्षी म्हणजे छातीवर एक बदकांची ओळ, त्यापुढे मजल गेली नव्हती. इथे गळ्यापासून काठापर्यंत एक इंच साधा नाही.

फेअर आईल हे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी आणि शेटलंड या बेटसमूहांच्या मधोमध असलेलं पाचेक किलोमीटर लांबीचं बेट. १९२० च्या दशकात तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सने गोल्फ खेळताना असा स्वेटर घातला आणि ही नक्षी फॅशनमध्ये आली. लांबून बघितलं तर दहा-बारा रंग एकदम चालवलेत असं वाटतं. प्रत्यक्षात एका ओळीत दोनच रंग असतात. दर दोन-तीन ओळींनी कधी जमिनीचा, म्हणजे नक्षीमागचा, रंग बदलतो, कधी नक्षीचा, आणि नजर फसते. जो रंग त्या क्षणी विणला जात नाही तो मागून आडवा जातो, म्हणून कापड दुहेरी होतं. उबेचं निम्मं रहस्य त्यात आहे.

मी घेतलेली लोकर म्हणजे शेटलंडची दोन पदरी, जिला इथे जंपर वेट म्हणतात ती. २५ ग्रॅमचा गुंडा. विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना: जेमिसन अँड स्मिथ आणि जेमिसन्स ऑफ शेटलंड ही दोन वेगळी घराणी आहेत, नावांवरून नवख्यांचा हमखास गोंधळ होतो. पहिल्यांच्या गुंड्यात साधारण ११५ मीटर धागा असतो, दुसऱ्यांच्या स्पिनड्रिफ्ट नावाच्या लोकरीत १०५. एका गुंड्याला दहा मीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण अठरा गुंड्यांचा हिशेब करून बघा.

रंग निवडण्यात मी भरपूर वेळ घालवला आणि तो वेळ सार्थकी लागला. पडद्यावर सुंदर दिसणाऱ्या दोन छटा विणल्यावर एकमेकींत विरघळून जातात. उपाय साधा आहे. गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढायचा. फोटोत दोन्ही सारखेच करडे दिसले तर जोडी बाद, मग रंग कितीही आवडते असोत. माझी जांभळी आणि शेवाळी अशीच गळाली. शेवटी गडद निळा, तपकिरी, मेंढीचा मूळ पांढरा, मोहरी आणि नक्षीच्या ऐन मधल्या ओळीला विटकरी.

आता माप. माझ्या हाताला सव्वातीन मिलिमीटरच्या सुईवर, म्हणजे आपल्याकडच्या १० नंबरवर, १० सेंटीमीटरमध्ये ३० टाके बसले. नक्षी २४ टाक्यांची, ती चौदा वेळा घेतली की ३३६ टाके आणि ११२ सेंटीमीटर घेर. पण ३० च्या जागी २९ बसले असते तर तेच ३३६ टाके ११६ सेंटीमीटर झाले असते. एका टाक्याने अख्खा स्वेटर ढगळ! म्हणून नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मगच मोजायचा. मुदत जवळ असली की पहिली काटछाट लोक इथेच करतात. तसं करू नका. स्वेटर नळीसारखा गोल विणायचा असतो, म्हणून हा तुकडाही तसाच, फक्त सुलट बाजूने विणायचा, कारण बहुतेकांचा उलटा टाका सुलट्यापेक्षा सैल पडतो.

सुया निटप्रोच्या, लाकडी, केबल बदलता येणाऱ्या. स्कॉटलंडमध्ये बसून मागवल्या आणि निघाल्या भारतात बनलेल्या. टोकं पुरेशी अणकुचीदार आहेत, टाके घसरत नाहीत, तक्रार नाही. शेटलंडच्या बायका कमरेला चामड्याचा पट्टा बांधतात, त्यात घोड्याचे केस भरलेले असतात आणि वर भोकं. सुईचं एक टोक त्यात खुपसलं की हात मोकळा राहतो आणि चालता-चालतासुद्धा विणता येतं. मी तो घेतला नाही. नवीन सवय लावून घ्यायला सवड नव्हती.

विणण्याबद्दल दोनच गोष्टी सांगते. एक, दोन धाग्यांपैकी कुठला खालून येतो आणि कुठला वरून, हे पहिल्या ओळीला ठरवायचं आणि शेवटपर्यंत मोडायचं नाही. खालून येणाऱ्या धाग्याचे टाके किंचित मोठे पडतात आणि उठून दिसतात, म्हणून नक्षीचा रंग नेहमी खालून. मध्येच अदलाबदल झाली तर नक्षी त्या ओळीपासून फिकी दिसू लागते आणि का ते कळतही नाही. दुसरी, गडद निळ्यावर तपकिरी येते त्या ओळी दिवसाउजेडीच विणायच्या. ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेली की इथे साडेचारला अंधार. पिवळ्या दिव्याखाली हे दोन रंग मला अक्षरशः एकच दिसत होते. मग दुपारी खिडकीपाशी गडद ओळी आणि रात्री टीव्हीसमोर पांढऱ्या-मोहरीच्या, अशी वाटणी केली. मुदत पाळण्यात याचा जेवढा हात आहे तेवढा कुठल्याच युक्तीचा नाही.

आणि मग कात्री.

फेअर आईल स्वेटर नळीसारखा गोल विणतात, म्हणजे सगळी नक्षी सुलट बाजूने समोर दिसत राहते. पुढची उघडी बाजू, बाह्यांची भोकं, गळा, जिथे जिथे फट हवी तिथे आठ-दहा जादा टाक्यांची पट्टी विणत जायची. तिला स्टीक म्हणतात. अंग विणून झालं की पट्टीच्या ऐन मधून कापायचं. मी कापण्याआधी दोन्ही बाजूंना क्रोशाची साखळी घालून घेतली. आईला व्हिडिओ कॉल लावला होता.

"अगं, विणलेल्याला कात्री लावतेस?"

"आई, असंच करतात इथे."

"करोत बापडे. मी फोन ठेवते. झालं की सांग."

ठेवलाच तिने. मी नखं कापायच्या लहान कात्रीने एकेक आडवा धागा कापत गेले. मोठी कात्री नकोच, खालचं कापड सापडतं. प्रत्येक धागा तुटताना बारीकसा चर्र आवाज येतो, आणि पुढचा काही मागे सरकत नाही, तुटलेलं टोक तिथेच उभं राहतं. एकही टाका सुटला नाही. शेटलंडच्या लोकरीच्या धाग्याला बारीक खवले असतात, ते एकमेकांना धरून राहतात. दुकानात हात लावल्यावर "शी, टोचतेय" म्हणून आपण जी लोकर खाली ठेवतो, तिचा तो खरखरीतपणा इथे कामाला येतो. गुळगुळीत अ‍ॅक्रिलिक किंवा सुती धाग्यावर हा प्रयोग करू नका, आईचं म्हणणं खरं ठरेल.

बाह्या खांद्यापासून खाली विणल्या. तिथे मी सरळ तडजोड केली. अंगावर मोठी षट्कोन-फुलीची नक्षी आहे, तीच बाह्यांवर नेली असती तर पाडवा हुकला असता. म्हणून बाह्यांना पाच-सात ओळींच्या बारीक नक्ष्यांच्या पट्ट्या आणि मध्ये साधी विण. कोणालाही खटकलेलं नाही, उलट कोपराची बाजू त्यामुळे मऊ वाटते असं नवरा म्हणतो. घाई झाली तर नक्षी कमी करा, माप आणि धुणं कमी करू नका.

धुणं म्हणजे कोमट पाण्यात अर्धा तास भिजत ठेवणं, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबणं आणि मापावर ओढून सपाट वाळवणं. शेटलंडमध्ये यासाठी खुंट्यांची लाकडी चौकट असते, स्वेटर तिला घालून ताणून ठेवतात. मी जमिनीवर गादी टाकून टाचण्या लावल्या. नरक चतुर्दशीला पहाटे घरात पहिलं अभ्यंगस्नान स्वेटरचं झालं. धुतल्यावर लोकर फुलते, टाक्यांमधल्या फटी भरतात, वेडेवाकडे टाकेही बरेचसे सरळ होतात. सुकायला मात्र इथल्या हवेत दोन दिवस पुरत नाहीत. पाडव्याला ओवाळलं तेव्हा स्वेटर अंगावर होता आणि काखेत जरासा ओला होता. बटणपट्टी झाली होती, बटणं नंतर लागली.

आता वापराचं. नोव्हेंबर ते एप्रिल हा स्वेटर जवळजवळ रोज बाहेर निघाला. ऊब अप्रतिम, आणि वजन जेमतेम ४५० ग्रॅम. मात्र घरात हीटिंग चालू असेल तर दहा मिनिटांत काढावा लागतो. वारा आरपार जातो. अ‍ॅबर्डीनच्या समुद्रकाठी वरून पातळ विंडचीटर नसेल तर या स्वेटरचा मान राहत नाही. रिमझिम मात्र वरच्या वर राहते, थेंब झटकले की झालं.

टोचतो का? गळ्याला हो, पहिले काही आठवडे. आतून पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घातला तर नाही. दोन-तीन धुण्यांनंतर बराच मऊ झालाय. हात बाहीत घालताना अंगठी आतल्या मोकळ्या धाग्यात अडकते. पाच टाक्यांहून लांब धागा मागे सोडू नये म्हणतात ते यासाठी.

गोळे आले, पण फक्त काखेत आणि पाठपिशवीचा पट्टा घासतो तिथे. हाताने उपटले की निघतात. कोपर शाबूत. कापलेल्या कडा आतून घासून-घासून नमद्यासारख्या घट्ट झाल्यात, त्या आता ओढूनही उसवणार नाहीत. खालचा दोन रंगांचा काठ मात्र फसवा. एक सुलट रंग, एक उलट रंग, दिसायला देखणा, पण मागून धागे जात असल्याने त्याला ताणच नाही. तो कमरेला बिलगत नाही, बाहेर फेंदारतो. पुढच्या वेळी साधा एकरंगी काठ. बटणपट्टीच्या मागेही कापडी फीत शिवावी लागली, नाहीतर बटणांच्या ओढीने पट्टी लोंबायला लागते.

इथल्या कोणीच न सांगितलेली एक गोष्ट: लोकर फोडणीचा वास धरते. हिंग-मोहरीचा तर आठवडाभर. स्वयंपाकघराच्या दाराशी तो टांगायचा नाही असा आता घरात नियम आहे. वास बसलाच तर धुवायची गरज नाही, रात्रभर बाहेर वाऱ्यावर ठेवला की जातो. उन्हाळ्यासाठी ठेवताना मात्र धुऊन, पूर्ण वाळवून, बंद पिशवीत. कसर लागते ती घामाच्या आणि अन्नाच्या डागांना आधी.

खर्च: लोकरीचेच सत्तरेक पौंड, शिवाय बटणं आणि फीत. माझ्या तासांचा हिशेब केला तर दुकानातली ती किंमत मला आता स्वस्त वाटते. शेटलंडच्या बायकांना एके काळी विणकामाचे रोख पैसेसुद्धा मिळत नसत, दुकानदार चहा नाहीतर कापड हातावर ठेवत. १८७२ मध्ये सरकारी आयोगाने याची चौकशी करून साक्षी नोंदवल्या होत्या. हाताने विणलेल्या स्वेटरची किंमत घासाघीस करून पाडणाऱ्यांनी तेवढं तरी लक्षात ठेवावं.

पुण्या-कोल्हापुरात राहणाऱ्यांनी घ्यावा का? जानेवारीतल्या काही पहाटा सोडल्या तर तो कपाटातच राहील. तिकडे याच नक्षीचा बिनबाह्यांचा स्वेटर जास्त वापरला जाईल, आणि निम्म्या वेळात होईल. जमिनीच्या रंगाचा एक गुंडा जास्तीचा आणि एकाच लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेला, घ्या, पुढे रफू करायला तोच लागणार. आणि दोन धागे पहिल्यांदाच हातात धरणार असाल तर आधी टोपी विणा. धाकट्या दिराने परवा फोनवर स्वेटरची मागणी नोंदवली आहे. त्यालाही टोपीच मिळणार आहे.