रुग्णालयात दाखल करताना कोविडची कोणती चाचणी: अँटिजेन की आरटी-पीसीआर?

2020 मध्ये कोविडच्या साथीच्या सुरुवातीला रत्नागिरी-सिंधुदुर्गातले घशाचे नमुने घाट चढून मिरजेला जायचे. कळा सुरू झालेली बाई दारात उभी असताना त्या अहवालाची वाट कोण बघणार? म्हणून जूनमध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) परवानगी दिलेली अँटिजेन पट्टी इथल्या रुग्णालयांना सोयीची वाटली. यंत्र नको, 15 ते 30 मिनिटांत निकाल.

पण पट्टी विषाणूचं प्रथिन शोधते आणि ते भरपूर असेल तरच रेघ उमटते. आरटी-पीसीआर विषाणूच्या आरएनएपासून डीएनए बनवून त्याच्या असंख्य प्रती काढते, त्यामुळे थोडासाही अंश सापडतो. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2022 च्या आढाव्यात लक्षणं असलेल्यांमध्ये पट्टीने सुमारे 73 टक्के बाधित पकडले, लक्षणं नसलेल्यांमध्ये जेमतेम 55. हर्नियासाठी आलेले काका नेमके दुसऱ्या गटातले!

समजा, दाखल होणाऱ्या हजारांत दहा बाधित आहेत. पट्टी पाच-सहा पकडेल, बाकीचे सरळ वॉर्डात. उलट हजारात पाच जणांना खोटी रेघ आली, तरी पॉझिटिव्हांपैकी निम्मे निरोगी. त्यांना कोविड वॉर्डात ढकलणं म्हणजे आजार विकत देणं.

पीसीआरही निर्दोष नाही. बरा झालेला माणूस कित्येक आठवडे पॉझिटिव्ह दिसू शकतो आणि त्याची शस्त्रक्रिया उगाच लांबते.

माझ्या मते साथ जोरात असताना तातडीच्या रुग्णाला पट्टी लावावी, पण निगेटिव्ह आली तरी मास्क सोडू नये. लक्षणं असतील तर पीसीआर हवीच. ठरलेल्या शस्त्रक्रियेला आधीच पीसीआर करून घ्यावी.