नऊ महिन्यांनंतर: मायनस एटीचे ड्रॉवर रॅक, पुठ्ठ्याचे बॉक्स आणि कसंही बसणारं झाकण

फ्रीझरमधल्या नव्या ड्रॉवर रॅकचा हा अनुभव मी सहाव्या महिन्यातच लिहायला घेतला होता. तेव्हा पूर्ण केला असता तर ड्रॉवर रॅकच्या नावाने बोटं मोडली असती. राहून गेला ते बरंच झालं. गेल्या महिन्यात एका सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडलं तर आत मायनस एटीचा, म्हणजे नमुने उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवणाऱ्या फ्रीझरचा, अलार्म वाजत होता. पडद्यावर जिथे उणे ८० दिसायला हवं तिथे उणे ५४ दिसत होतं. पुढच्या पाऊण तासात रॅकबद्दलचं माझं मत बदललं. बॉक्सच्या झाकणाबद्दलचं मात्र आणखी पक्कं झालं.

आमच्याकडे उभा फ्रीझर आहे. स्टीलचे रॅक, एका रॅकला पाच ड्रॉवर, एका ड्रॉवरमध्ये मागे-पुढे चार बॉक्स. सात रॅक भरलेले, म्हणजे १४० बॉक्स. बॉक्स नेहमीचे, पुठ्ठ्याचे, दोन मिलिलिटरच्या ट्यूबसाठी नऊ बाय नऊ घरांचे. आधी आमच्याकडे बाजूने उघडणारे रॅक होते. त्यात एक बॉक्स काढायचा तरी अख्खा रॅक ओढून टेबलावर आणावा लागायचा, मग इतर एकोणीस बॉक्स उगाच बाहेरची हवा खायचे. हा ताप संपवायचा म्हणून ड्रॉवर घेतले.

पहिले सहा महिने मी नाराज होते. भरलेला ड्रॉवर ओढताना अडकतो. दार उघडलं की खोलीतली दमट हवा आत शिरते, तिचं दव कडांवर गोठतं आणि ड्रॉवर जागच्या जागी चिकटतो. शिवाय प्रत्येक ड्रॉवरच्या तळाला पत्रा असल्यामुळे उंचीत थोडी थोडी जागा जाते, त्यामुळे आधीच्या रॅकमध्ये बसणारी तीन इंची बॉक्सची एक रांग आता बसत नाही. एवढे पैसे घालून जागा कमी मिळाली, हे मला पचत नव्हतं.

पण खरा त्रास रॅकने दिलाच नाही, तो झाकणाने दिला. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण खरेदी करताना याचा विचार कुणी करत नाही. मीही केला नव्हता.

बॉक्स चौरस, झाकणही चौरस. जागांची अक्षरं (ए ते आय) आणि आकडे (१ ते ९) छापलेले आहेत ते झाकणावर. बॉक्सच्या आत, तळाला किंवा बाजूला, कुठेच काही नाही. म्हणजे आत कुठे काय आहे ते झाकणाने सांगायचं, आणि ते झाकण चारपैकी कोणत्याही दिशेने तितकंच घट्ट बसतं. उणे ८० ला, जाड हातमोजे घालून, घाईने बॉक्स मिटणारा माणूस दिशा बघत बसत नाही.

तिसऱ्या महिन्यात आमच्याकडची एक मुलगी बी-३ मधला आरएनए घ्यायला गेली. नोंदवहीत बी-३, झाकणावर बी-३, तिने बरोबर तिथलीच ट्यूब उचलली. थोड्या वेळाने माझ्याकडे आली. ‘ताई, हे लेबल जुळत नाहीये.’ मी म्हटलं, आधी ती ट्यूब ड्राय आइसवर (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवर) ठेव, मग बघू. लेबलवर एच-७ चा नमुना होता. झाकण अर्धा फेरा फिरलं होतं. अर्धा फेरा फिरलं की बी-३ म्हणून हातात एच-७ येते, ए-१ म्हणून आय-९. पाव फेरा फिरलं तर बी-३ च्या जागी सी-८ किंवा जी-२. चारही दिशांनी जागेवर राहते ती फक्त मधली ई-५.

बॉक्स अर्धा भरलेला असेल तर रिकाम्या घरांवरून चूक लगेच कळते. ८१ च्या ८१ घरं भरलेली असली की काहीच कळत नाही. म्हणजे जितका बॉक्स भरलेला, तितकी चूक लपलेली. त्या दिवशी लेबल होतं म्हणून वाचलो. आमच्या जुन्या ट्यूबवर मार्करने टोपणावर नुसता आकडा आहे. तिथे चुकीचा आरएनए उचलला असता, प्रयोग केला असता, आणि आलेल्या निकालावर विश्वासही ठेवला असता. हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

मग आम्ही सगळे १४० बॉक्स तपासले. दोघींनी चार दिवस घेतले. एकीने ड्राय आइसच्या ट्रेवर बॉक्स उघडायचा, तीन वेगवेगळ्या जागांवरची लेबलं वाचायची, दुसरीने यादीशी ताडून बघायचं. नऊ बॉक्सची झाकणं फिरलेली निघाली. त्यातल्या सात बॉक्सच्या ट्यूबवर लेबलं होती, ते सुटले. एक अर्धा भरलेला होता, त्याच्या रिकाम्या रांगांवरून दिशा लागली. नववा बॉक्स जुन्या ग्लिसरॉल स्टॉकचा (ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवलेल्या जिवाणूंचा), काठोकाठ भरलेला, टोपणावर फक्त मार्करचे आकडे, त्यातलेही बरेच अल्कोहोलने पुसले गेलेले. यादीप्रमाणे पहिल्या घरात १ हवा होता, अर्धवट वाचता आलेल्या दोन आकड्यांपैकी एकही जुळेना. त्यावर ‘संशयित’ लिहून तो सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

बॉक्स पुरवणाऱ्यांना मी तीनदा लिहिलं. माझं म्हणणं एवढंच होतं की छपाई झाकणावर करता तर एक कोपरा तरी वेगळा ठेवा, नाहीतर छपाई बॉक्सच्या आत करा. तिसऱ्या वेळी उत्तर आलं की झाकण हे धूळ आणि दव आत जाऊ नये म्हणून आहे, जागांची नोंद ठेवणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. मग त्यावर अक्षरं कशाला छापली, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

उपाय शेवटी कात्रीने झाला. ए-१ च्या कोपऱ्यावर झाकणाच्या कडेला एक खाच, त्याच्या बरोबर खाली बॉक्सच्या कडेला दुसरी. खाचेवर खाच आली पाहिजे, एवढंच लक्षात ठेवायचं. रंगीत चिकटपट्टी आधी लावून पाहिली, पण साधी चिकटपट्टी त्या थंडीत कडक होऊन गळून पडते. मार्करची रेघ दवाखाली दिसत नाही. खाच मात्र हातमोज्यातूनही बोटाला लागते. शिवाय आता आम्ही प्रत्येक बॉक्समध्ये आय-९ रिकामं ठेवतो. याला मी आधी विरोध केला होता, कारण १४० बॉक्समध्ये १४० घरं वाया म्हणजे जवळपास पावणेदोन बॉक्स गेले. आता मला ते खुशाल जाऊ दे वाटतं.

यादीचा एक धडा याच तपासणीत मिळाला. बॉक्सचा नंबर आणि घर आम्ही जोडून लिहायचो. पहिल्या बॉक्समधलं ई-५ म्हणजे 1E5 असं इंग्रजीत टाइप केलं की स्प्रेडशीट त्याला दहाचा पाचवा घात समजून एक लाख करून टाकते. पहिल्या बॉक्सची ई रांग अशीच संख्यांमध्ये गेली होती. ड्रॉवर आणि बॉक्स ‘३-५’ असं लिहिलं की त्याची तारीख होते. हे फक्त आमच्याच बाबतीत होत नाही. याच सवयीमुळे सेप्ट आणि मार्च नावाच्या जनुकांच्या तारखा व्हायच्या, म्हणून २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने ती नावंच बदलून सेप्टिन आणि मार्चएफ केली. आम्ही आता रॅक, ड्रॉवर, बॉक्स आणि घर यांचे वेगवेगळे रकाने ठेवतो, आणि भरायला सुरुवात करण्याआधी ते मजकूर म्हणून ठरवून टाकतो.

लेबलांबद्दल तक्रार नाही. रिबनवर छापणाऱ्या प्रिंटरची, अतिथंड तापमानासाठीच्या गोंदाची लेबलं घेतली. नऊ महिन्यांत एकही सुटलं नाही आणि अल्कोहोलच्या बोळ्याने अक्षर हललं नाही. अट एकच, ती कोरड्या, खोलीच्या तापमानाच्या ट्यूबवर, गोठवायच्या आधी लावायची. गोठलेल्या ट्यूबवर दवाचा थर असतो, लेबल त्या थराला चिकटतं आणि थरासकट निघून येतं. आधीच गोठलेल्या ट्यूबसाठी वेगळी लेबलं मिळतात, ती अजून वापरलेली नाहीत.

आता त्या सकाळचं सांगते.

उणे ५४ बघून पोटात गोळा आला. शेजारच्या खोलीतला राखीव फ्रीझर आम्ही नेहमी थंड आणि जवळपास रिकामा ठेवतो. वीज फुकट जाते म्हणून त्यावर दर वर्षी वाद होतो, आता होणार नाही. दारावर लावलेल्या नकाशात पुन्हा मिळणार नाहीत अशा नमुन्यांचे दोन रॅक लाल रंगात आहेत. आधी तेच काढायचे होते. पहिला सहज आला. दुसरा मागच्या भिंतीला बर्फाने चिकटलेला, दोघींनी ओढूनही जागचा हलेना. जुना, बाजूने उघडणारा रॅक असता तर इथेच हात टेकावे लागले असते, कारण रॅक बाहेर आल्याशिवाय त्यातला एकही बॉक्स निघत नाही. हा ड्रॉवरचा होता. रॅक तिथेच राहू दिला, पाचही ड्रॉवर एकेक करून ओढले, वीसच्या वीस बॉक्स ड्राय आइस भरलेल्या थर्माकोलच्या पेटीत घातले. सहा महिने ज्या ड्रॉवरांना मी नावं ठेवली त्यांनीच त्या दिवशी वाचवलं. जागा कमी मिळते ही तक्रार मी मागे घेते. अडकतो ही तक्रार कायम आहे, पण दर पंधरा दिवसांनी कडांवरचा बर्फ प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढला की ती निम्मी होते.

धावपळीत चार बॉक्सची झाकणं उडाली. खाचेवर खाच ठेवून ती परत लावली, कुणाला विचारावं लागलं नाही.

पुठ्ठ्याबद्दलचं मत मात्र उतरलं. हातमोज्यांवरचं दव वितळून तीन बॉक्सचे तळ ओले झाले, मऊ पडले, आणि राखीव फ्रीझरमध्ये गेल्यावर ड्रॉवरला चिकटून गोठले. एकाचा तळ काढताना फाटला. ट्यूब खाली पडल्या नाहीत हे नशीब. सगळे बॉक्स प्लॅस्टिकचे करणं आम्हाला परवडणार नाही, एकेक बॉक्स कितीतरी पट महाग पडतो. म्हणून लाल रंगाच्या दोन रॅकपुरतेच पॉलीकार्बोनेटचे मागवले. मागवताना एकच गोष्ट विचारली, झाकण एकाच दिशेने बसतं का. काहींच्या झाकणाला तशी खोबण असते, काहींच्या नसते. चित्र बघून कळत नाही, विचारावंच लागतं.

बिघाडाचं कारण साधं निघालं. कंडेन्सरच्या जाळीवर धुळीचा थर साचला होता. उष्णता बाहेर जाईना, म्हणून दोन कॉम्प्रेसरपैकी पहिला तापून वारंवार बंद पडत होता. दुरुस्तीवाला चौथ्या दिवशी आला, जाळी झटकली, आणि जाळीची सफाई वार्षिक करारात येत नाही असं सांगून गेला. करारात काय येतं ते मी त्याच्याकडून लेखी मागितलं आहे. जाळी आता दर महिन्याच्या एक तारखेला आम्हीच धुतो.

फ्रीझर परत सुरू केला तो उणे ७० वर. बऱ्याच विद्यापीठांच्या प्रयोगशाळा काही वर्षांपासून हे करतायत, अमेरिकेतल्या कॉलोराडो बोल्डर विद्यापीठाचं नाव त्यात आधीपासून आहे. वीज साधारण एक तृतीयांश वाचते आणि कॉम्प्रेसरवरचा ताण कमी होतो. आमच्याकडच्या डीएनए, प्रथिनं आणि ग्लिसरॉल स्टॉकसाठी उणे ७० पुरेसं आहे. गटातल्या दोघांचा अजून विरोध आहे, त्यांचे बॉक्स राखीव फ्रीझरमध्ये उणे ८० ला ठेवले.

सामान परत लावताना तो ‘संशयित’ बॉक्स हाती आला. एवढे दिवस मी त्याच्याकडे ८१ अनोळखी ट्यूब म्हणून बघत होते. पण झाकणाच्या दिशा चारच. मधली सोडून कोणतीही एक ट्यूब नक्की ओळखली की बाकीच्या ऐंशी आपोआप ओळखल्या जातात. कोपऱ्यातली ट्यूब ड्राय आइसवरच ठेवून, वितळू न देता, सुईच्या टोकाने वरचा थर खरवडला आणि जिवाणू वाढवायच्या प्लेटवर रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी वसाहती आल्या, तिसऱ्या दिवशी त्यातलं प्लाझ्मिड (जिवाणूतलं डीएनएचं छोटं वर्तुळ) काढून एन्झाइमने कापलं. चार कोपऱ्यांच्या चार प्लाझ्मिडचे पट्टे जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर) कुठे यायला हवेत ते मी आधीच कागदावर काढून ठेवलं होतं. झाकणानुसार जी ए-१ होती ती प्रत्यक्षात ए-९ निघाली. पाव फेरा. खात्रीसाठी बी-३ च्या घरातली आणखी एक ट्यूब तपासली, तीही तसाच पाव फेरा फिरलेली, सी-८. झाकण फिरवून जागेवर बसवलं, कोपऱ्यावर दोन खाचा कापल्या आणि ‘संशयित’ खोडून त्यावर तारीख घातली.