पहिलीचं स्वागत: सभागृहात एकदम की वर्गात गटागटाने?

शाळा जूनच्या मध्यावर उघडते, विदर्भात थोडी उशिरा. मैदान पावसाच्या भरवशावर नको. उरतात दोनच पर्याय.

सभागृहात 40 मुलं आणि त्यांचे पालक एकदम मावतात, दोन शिक्षकांत तासाभरात उरकतं. पण औक्षणाला प्रत्येकी अर्धा मिनिट धरा: 20 मिनिटं तिथंच गेली. ताटं दोन ठेवा. त्यात पाहुण्यांचं भाषण लांबलं, की एक मूल रडतं आणि मग साथच पसरते.

वर्गात 10-10 चे चार गट, प्रत्येकी 40 मिनिटं. सगळी सकाळ जाते, नोकरदार पालकांना गटाची वेळ आठवडाभर आधी कळवावी लागते. दाराशी नावाचा बिल्ला (टाचणी नको, दोरा बरा), मग रंगीत हाताचा ठसा; ओलं फडकं शेजारी हवंच, नाहीतर दुसरा ठसा आईच्या साडीवर. खरा फायदा पुढे आहे: मूल आपला बाक, दप्तराची जागा आणि स्वच्छतागृह आईबाबांसोबत बघतं. नळ स्वतः उघडून बघू द्या. हे राहिलं, की मुलं लघवी दाबून बसतात.

आमचं मत वर्गालाच. शिक्षक कमी असतील तर सभागृहात औक्षण आणि पाठ्यपुस्तकं, भाषण एकच, पाच मिनिटांचं, आणि वर्गफेरी दुसऱ्या दिवशी.