नौकरी डॉट कॉम पंचेचाळिशीनंतर किती कामाचं?

पुणे-पिंपरीच्या पट्ट्यात कंपनीनं काढलं की पहिल्या आठवड्यातच जो तो नौकरी डॉट कॉम उघडतो. हिंजवडीतला प्रोजेक्ट मॅनेजर असो की चाकणच्या डाय कास्टिंग कारखान्यातला क्वालिटी मॅनेजर, पासवर्ड विसरलेला असतो आणि प्रोफाइल आठ-दहा वर्षांपूर्वीचं असतं. ते तसंच ठेवून दोन दिवसांत शंभर ठिकाणी अप्लाय करून होतं. फोन वाजत नाही. मग ‘वय झालं, आता आपल्याला कोण घेणार’ असं घरात बोललं जायला लागतं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं दोन टक्के, म्हणजे सुमारे १२ हजार लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यात प्रामुख्यानं मधल्या आणि वरच्या श्रेणीतले लोक असतील, हेही सांगितलं होतं. म्हणून ही सेवा पंचेचाळिशी-पन्नाशीच्या माणसाला किती उपयोगी पडते, हे वेगळं तपासायला हवं.

मत आधीच सांगतो. फुकटातलं खातं, नीट भरलं तर, या वयातही चांगलं काम करतं. अप्लाय बटण हा त्यातला सगळ्यात कमजोर भाग आहे. पैसे भरून घ्यायच्या सेवा बहुतेकांनी घेऊ नयेत, निदान पहिले दोन महिने तरी नाहीच.

याचं कारण या धंद्याच्या रचनेत आहे. १९९७ मध्ये सुरू झालेल्या या पोर्टलची मालकी इन्फो एज या कंपनीची. मोठी कमाई नोकरी शोधणाऱ्यांकडून होत नाही, ती कंपन्या आणि त्यांच्यासाठी माणसं शोधून देणाऱ्या कन्सल्टन्सींकडून होते. ते जाहिराती टाकतात आणि ‘रेझडेक्स’ नावाच्या रेझ्युमेंच्या साठ्यात शोधायची परवानगी विकत घेतात. चांगल्या पदाचे कितीतरी फोन जाहिरातीवरच्या अर्जातून येत नाहीत, या साठ्यातल्या शोधातून येतात. एका जाहिरातीवर शेकड्यांनी अर्ज पडतात, वाचणारा वरचे तीस-चाळीस बघतो आणि थांबतो.

हा शोध कसा चालतो ते बघा. कन्सल्टन्सीतल्या माणसाकडे एक जागा आहे, क्वालिटी मॅनेजर, चाकण. तो आधी शब्द टाकतो: आयएटीएफ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक), पीपॅप (नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची पद्धत), हाय प्रेशर डाय कास्टिंग. मग अनुभव १२ ते १८ वर्षं, पगार १५ ते २५ लाख, ठिकाण पुणे, नोटीस पिरियड एक महिन्याच्या आत, आणि गेल्या काही दिवसांत साइटवर येऊन गेलेला उमेदवार. प्रत्येक अट घातली की यादी आखडत जाते. २४ वर्षं अनुभव आणि ३२ लाख पगार असलेला माणूस अनुभवाच्या अटीतच गळतो. त्याचा रेझ्युमे कुणी नाकारलेला नसतो, तो कुणाच्या डोळ्यांसमोर आलेलाच नसतो. वयाचा फटका बसतो तो बहुतेकदा असा, आकड्यांच्या चौकटीतून. आणि चौकट कुठे आहे हे कळलं की निदान काही गोष्टी आपल्या हातात येतात.

पहिली गोष्ट रेझ्युमे हेडलाइन. इथे २५० अक्षरं मिळतात आणि बहुतेक जण ती वाया घालवतात. ‘२२ वर्षांचा अनुभव असलेला परिश्रमी व्यावसायिक, उत्तम संधीच्या शोधात’ असं लिहिलं की शोधणाऱ्याच्या एकाही शब्दाशी ते जुळत नाही. त्याऐवजी पद, प्रक्रिया, प्रमाणपत्रं, ठिकाण: क्वालिटी हेड, हाय प्रेशर डाय कास्टिंग आणि मशिनिंग, आयएटीएफ १६९४९, पीपॅप, कस्टमर ऑडिट, पुणे. आयटीवाल्यांची चूक थोडी वेगळी असते. ‘अ‍ॅजाइल, स्क्रम, स्टेकहोल्डर मॅनेजमेंट’ हे हजारो प्रोफाइलांत आहे, त्यानं कुणी वेगळा उठून दिसत नाही. एसएपी एस/४ हाना मायग्रेशन केलं असेल, बँकिंगचा क्लाएंट असेल, ४० जणांची टीम असेल तर ते लिहा. अर्थात हे सगळं प्रोफाइलमध्ये इंग्रजीत जाईल, कारण शोध इंग्रजीत होतो. एकाच गोष्टीची दोन नावं चालत असतील, एक लघुरूप आणि एक पूर्ण, तर की स्किल्समध्ये दोन्ही घाला.

दुसरी गोष्ट नोटीस पिरियड. काढून टाकलेल्या माणसाचं या बाजारातलं खरं बळ हेच आहे, आणि नेमकं ते लपवलं जातं. लाज वाटते म्हणून जुनी कंपनी ‘सध्याची’ म्हणून ठेवायची आणि नोटीस तीन महिने दाखवायची, ही सर्रास होणारी चूक. कंपन्यांना लगेच रुजू होणारा माणूस हवा असतो. तीन महिन्यांवाला ऑफर घेऊन बसतो आणि ऐनवेळी दुसरीकडे जातो, याचा त्यांना वैताग आलेला असतो. नोकरी संपली असेल तर शेवटची तारीख भरा आणि ‘१५ दिवस किंवा कमी’ निवडा. पत्र हातात आहे पण अजून पटावर आहात, तर ‘सर्व्हिंग नोटीस पिरियड’ निवडून शेवटचा दिवस टाका. हे दोन-तीन महिने शोधासाठी सगळ्यात मोलाचे असतात.

पगाराच्या रकान्यात खोटं लिहू नका. शेवटच्या तीन स्लिपा, फॉर्म १६ आणि बँक स्टेटमेंट मागितलं जातंच. मात्र अपेक्षित पगार हा वेगळा रकाना आहे. तिथे सवयीनं २०-३० टक्के वाढवून लिहिलं तर आधीच अरुंद असलेली वाट बंद होते. घरखर्च आणि हप्ते धरून किती कमी चालेल, हे एका संध्याकाळी कागदावर मांडा आणि त्याच्या जवळचा आकडा भरा. अर्ज करताना चॅटमध्ये जे प्रश्न येतात, नोटीस, पगार, शहर, त्यांची उत्तरं प्रोफाइलशी जुळायला हवीत. प्रोफाइलमध्ये २४ लाख आणि चॅटमध्ये ३० लाख, असा माणूस पुढे जात नाही.

वय लपवण्याबद्दल बराच सल्ला मिळतो. त्यातला अर्धाच कामाचा. रेझ्युमेत शेवटची १२-१५ वर्षं सविस्तर आणि त्याआधीचं दोन ओळींत, हे योग्य. जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, ‘वरील माहिती खरी आहे’ असा शेवटचा परिच्छेद, हे सगळं काढा. पण एकूण अनुभव १४ वर्षं लिहायचा आणि शेजारीच पदवीचं साल १९९९ दिसतंय, तर वाचणारा थेट शंका घेतो. खोटेपणा पडताळणीतही उघड होतो, कारण यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकावर, प्रत्येक कंपनीच्या तारखा असतात. रेझ्युमेतल्या तारखा ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या संघटनेच्या) सर्व्हिस हिस्टरीशी आधीच ताडून बघा. जुन्या कंपनीनं बाहेर पडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतःला टाकता येते: युनिफाइड पोर्टलवर ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एक्झिट’, आधारचा ओटीपी, झालं. हे राहून गेलं तर ऑफर आल्यावर पडताळणीत अडकतं आणि तेव्हा धावपळ होते.

फाइल साधी असू द्या. वर्डमधली, एका रकान्याची, २ एमबीच्या आत. दोन रकाने, तक्ते, फोटो, कौशल्यांपुढे रंगीत पट्ट्या असले साचे दिसायला छान, पण मशीन वाचताना मजकूर उलटासुलटा होतो. फोन नंबर पानाच्या हेडरमध्ये टाकलेला असेल तर तो कधीकधी वाचलाच जात नाही. आणि कामाच्या वर्णनात ‘जबाबदार होतो’ची रांग नको. ‘कस्टमर रिजेक्शन ८५० पीपीएमवरून १२० पीपीएम, १४ महिन्यांत, गेटिंग बदलून आणि लीक टेस्ट लाइनवर आणून’ (पीपीएम म्हणजे दर दहा लाखांत किती) अशी एक ओळ दहा ओळींच्या वर आहे. कारखान्यातल्या माणसाला ती वाचून लगेच कळतं की समोरचा लाइनवर उभा राहिलेला आहे.

रोज लॉगिन करा, आणि दोन-तीन दिवसांनी एखादा शब्द बदलून सेव्ह करा. शोधणारा ‘अलीकडे सक्रिय’ अशी अट घालतो, त्यात राहायला एवढं पुरतं. सकाळी दहाच्या आधी करावं, कारण कन्सल्टन्सीतले लोक त्यानंतर शोधायला बसतात. त्यात पाच मिनिटांहून जास्त वेळ घालवू नये.

या सेवेतली मला सगळ्यात उपयोगी वाटणारी सोय म्हणजे प्रोफाइलवर दिसणारे दोन आकडे: किती शोधांत तुम्ही दिसलात आणि रिक्रूटरनी किती वेळा काही कृती केली. शोधांत दिसणंच कमी असेल तर शब्द चुकलेत किंवा प्रोफाइल शिळं आहे. हेडलाइन आणि की स्किल्स बदला. दिसता भरपूर पण कुणी उघडत नाही, तर यादीत जे दिसतं त्यात गडबड आहे, म्हणजे पगार, नोटीस, शहर किंवा पदाचं नाव. उघडतात पण फोन नाही, तर दोष रेझ्युमेत. फोन येतात पण मुलाखत होत नाही, तर पहिल्या पाच मिनिटांच्या बोलण्यावर काम करा. ‘का सोडलं’ याचं उत्तर दोन वाक्यांत यायला हवं: युनिट बंद झालं किंवा विभागातली पदं कमी झाली, आणि मी अमुक तारखेपासून मोकळा आहे. बदल एका वेळी एकच करा आणि आठवडाभर आकडे बघा. एकदम सगळं बदललं तर कशानं फरक पडला ते कळत नाही.

आता उणीवा. एनवाइट नावाचे मेल येतात, ‘रिक्रूटरनी तुम्हाला निवडलं’ अशा थाटाचे. ते बहुतेक एकगठ्ठा पाठवलेले असतात. चाळिशीपुढच्यांना त्यातून विमा कंपन्यांच्या एजन्सी उभारण्याच्या कामाचे फोन फार येतात, कारण या वयात ओळखी असतात आणि त्याच त्यांना हव्या असतात. काम वाईट नाही, पण पगार किती आणि कमिशन किती, टार्गेट चुकलं तर काय, हे लेखी घेतल्याशिवाय जाऊ नका. दुसरी उणीव मोठी: प्लांट हेड, फायनान्स हेड असल्या बऱ्याच जागा इथे येतच नाहीत, आल्या तरी कंपनीचं नाव झाकून. इन्फो एजचीच आयआयएमजॉब्स आणि हायरिस्ट ही दोन पोर्टलं आहेत. पहिलं फायनान्स, सेल्स, एचआरच्या वरच्या पदांसाठी आणि दुसरं आयटीसाठी. तिथेही खातं उघडा.

पैशांच्या सेवांबद्दल. रेझ्युमे लिहून देणं आणि प्रोफाइल रिक्रूटरपुढे ठळक दाखवणं, अशा सेवा विकल्या जातात. लिहिणाऱ्याला तुमच्या लाइनवरचं रिजेक्शन किंवा तुमच्या प्रोजेक्टचा खर्च ठाऊक नसतो, ती माहिती तुम्हालाच द्यावी लागते. ती कागदावर उतरवली की रेझ्युमेचा कठीण भाग तुम्हीच केलेला असतो. इंग्रजी तपासायला एखादा जुना सहकारी पुरतो. ठळक दाखवण्यानं पगार-अनुभवाची चौकट हलत नाही. इथूनच फसवणुकीला जागा मिळते: पोर्टल खरोखर काही सेवा विकतं, त्यामुळे ‘नौकरीतून बोलतोय, मुलाखत ठरली आहे, पडताळणीचे २,५०० भरा’ हे खरं वाटतं. मुलाखत, ऑफर, लॅपटॉपचं डिपॉझिट यांसाठी कुणीही पैसे मागितले तर तिथेच फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर, तितकी रक्कम खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त.

लिंक्डइनशी तुलना होते ती अटळ आहे. तिथे प्रोफाइल साठ्यातून सापडण्यापेक्षा माणसं सापडणं महत्त्वाचं. ‘ओपन टू वर्क’ची हिरवी पट्टी लावायची की फक्त रिक्रूटरना दिसेल असं ठेवायचं, यावर वाद आहेत, नोकरी गेलेली असेल तर लपवण्यासारखं काही उरलेलं नसतं, लावा. पण खरा उपयोग जुन्या सहकाऱ्यांची, व्हेंडरांची, ग्राहकांच्या ऑडिटरांची यादी करण्यासाठी. १२ ते १८ वर्षांच्या चौकटीत तुम्ही बसत नसाल आणि जागा तुमचीच असेल, तर आतल्या माणसानं रेझ्युमे एचआरकडे देणं हाच मार्ग आहे. बहुतेक कंपन्यांत त्याला रेफरलचे पैसेही मिळतात, त्यामुळे विचारायला संकोच नको. ‘काही असेल तर सांग’ असं न म्हणता जागेचं नाव, जाहिरातीची लिंक आणि रेझ्युमे एकत्र पाठवा. सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ पासून आहे आणि ते मोफत आहे, राज्याचं महास्वयमही आहे. सुरुवातीच्या आणि तांत्रिक जागांसाठी बरं, वरच्या खासगी पदांसाठी त्यावर विसंबता येणार नाही.

दिवसाचा हिशेब मांडायचा तर नौकरी डॉट कॉमला अर्धा तास: पाच मिनिटं प्रोफाइल, बाकी वेळेत गेल्या तीन दिवसांतल्या, १५ वर्षांहून जास्त अनुभव मागणाऱ्या चार-पाच जाहिराती निवडून अर्ज. उरलेला वेळ फोन आणि भेटींना. नोकरी लागल्यावर खातं तसंच उघडं टाकू नका. प्रोफाइलमध्ये नवं पद भरा आणि सेटिंगमध्ये जाऊन नव्या कंपनीचं नाव ब्लॉक यादीत घाला, म्हणजे प्रोबेशनच्या काळात तिथल्या एचआरला तुमचं प्रोफाइल दिसणार नाही.