आय सेव्हनच्या स्टिकरला भुललो

लग्नाचे फोटो काढायला लागून मला बारा वर्षं झाली. कॅमेरा घेताना मला कोणी टोपी घालेल अशी शक्यता कमीच. कॉम्प्युटर घेताना मात्र घातली, आणि तीही ६२ हजारांची.

२०२३ ची दिवाळी नुकतीच झाली होती. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू. एका लग्नाचे तीन-साडेतीन हजार रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेले जड फोटो, त्यातले निम्मे हॉलमधल्या त्या जांभळ्या लाइटमध्ये ६४०० आयएसओवर, म्हणजे प्रकाश कमी म्हणून कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून काढलेले; त्यात दाणा येतोच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला एआय डीनॉइज, म्हणजे दाणा काढायची सोय, आली होती. हळदीच्या फोटोतला सगळा दाणा मित्राच्या मशीनवर अर्ध्या मिनिटात गेलेला बघितला आणि मला राहवेना. "याला ग्राफिक्स कार्ड चांगलं लागतं," तो म्हणाला. तेवढ्या ज्ञानावर मी दुकान गाठलं.

मालकाने चहा मागवला. कागदावर लिहून दिलं: इंटेलचा आय सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी. "दादा, आय सेव्हन म्हणजे विषय संपला." कितव्या जनरेशनचा, हे मी विचारलंच नाही. कॅबिनेटला काच, आत लाल-निळे पंखे. खरं सांगतो, अर्धा सौदा त्या पंख्यांनीच केला. निघताना त्याने बजावलं, "ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट मारू नका, वॉरंटी जाते." मला वाटलं, किती काळजी करतो माणूस!

पहिल्याच लग्नाला डीनॉइज दाबलं. अंदाजे वेळ आली ५२ मिनिटं. एका फोटोला! दुकानात फोन केला तर "विंडोज सेट व्हायला दोन दिवस लागतात", नंतर "तुमचे फोटोच जड आहेत". तिकडे नवरीचे वडील अल्बमसाठी रोज फोन करत होते.

शेवटी भाचा आला. त्याने मशीन चालूसुद्धा केलं नाही, आधी मागे वाकून बघितलं. "मामा, १०५० टीआयला व्हीजीए कुठून आलं?" कार्डावर मॉनिटर जोडायचं निळं, पंधरा छिद्रांचं जुनं ॲनालॉग पोर्ट होतं, तेच व्हीजीए. १०५० टीआयच्या पिढीच्या कार्डांतून ती बनवणाऱ्या एनव्हीडियाने ॲनालॉग आउटपुटच काढून टाकलं आहे. मग त्याने ग्राफिक्स कार्डाची खरी माहिती दाखवणारं जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात 'फेक' असं आलं, आणि कोअर दाखवले १९२. खऱ्या १०५० टीआयला ७६८ असतात. २०१०-११ च्या जुन्या कार्डाचं बायोस, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून त्याला नवं नाव चिकटवलं होतं. विंडोज ते नाव बिचारं खरं मानतं. ड्रायव्हर अपडेट का करायचा नाही, तेही तेव्हा कळलं: नव्या ड्रायव्हरने हे सोंग उघडं पडलं असतं.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर गेलो तर प्रोसेसर आय सेव्हन २६००. आय सेव्हन खराच, पण २०११ चा. त्यामुळे रॅम १६ जीबी असली तरी डीडीआर थ्री, म्हणजे जुन्या पिढीची. इंटेलच्या या नंबरांत शेवटचे तीन आकडे झाकायचे, उरेल ती जनरेशन: २६०० म्हणजे दुसरी, १२४०० म्हणजे बारावी. बाराव्या जनरेशनचा आय थ्रीसुद्धा माझ्या आय सेव्हनला मागे टाकतो, आणि दुकानात मी आय थ्रीकडे नाक मुरडलं होतं.

मशीन उचलून दुकानात नेलं. मालक म्हणाला, "माल वरूनच असा आला." कार्ड बदलून देतो, वर चार हजार द्या, ही त्याची तयारी. मी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. त्यांनी आधी बिल विचारलं. मी कागद काढला. वर छापलं होतं 'एस्टिमेट'. जीएसटी नंबर नाही, सिरियल नंबर नाही, खाली फक्त 'आय सेव्हन सीपीयू, १ नग'. अठरा टक्के जीएसटी वाचवायला कच्चं बिल मीच मागितलं होतं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, पण नेमकं काय विकत घेतलं हे त्या कागदावरून मी सिद्ध करणार कसं?

पुढच्या वर्षी दुसरं मशीन घेतलं: आय फाइव्ह १२४००, आरटीएक्स ३०६० १२ जीबी. पक्कं बिल, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर. पैसे देण्याआधी काउंटरवरच टास्क मॅनेजर आणि जीपीयू-झेड उघडायला लावलं. पोरगा जरा वैतागला, पण उघडलं त्याने. त्या नवरीचा अल्बम मात्र दोन महिने उशिरा गेला, आणि माझ्या बिलातले पाच हजार तिच्या वडिलांनी कापून घेतले.